अक्का गोड बोलत नव्हती

पंचशीला अक्का, माझी थोरली बहीण, गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात होतो. गावी, साखऱ्याला पोचलो तर दारात माणसं जमलेली... आणि तेव्हापासून महिनाभर एकच ऐकतो आहे : अक्का फार गोड बोलायची, तिनं कधी कुणाला दुखवलं नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

अक्का अंगणवाडी चालवायची आणि पौर्णिमेला विहारात सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायची. चौथ्या शीलापाशी थांबायची. नुसतं खोटं टाळून भागत नाही, म्हणायची; चहाडी, शिवी, रिकामी बडबड हेही सोडावं लागतं. लोक माना डोलवायचे.

मग रेश्माचं प्रकरण झालं. हिंगोलीच्या कॉलेजातून येताना ही वस्तीतली पोरगी एका मुलाशेजारी जीपमध्ये बसली, एवढंच. आमच्याच वस्तीतले दुकानदार दत्तराव, त्यांनी त्याचं लफडं करून गावभर सांगितलं. बापानं तिचं कॉलेज बंद केलं. अक्का घरोघर गेली. हळू आवाजात प्रत्येकाला विचारलं, "तुमी डोळ्यानं पाहिलं का?" कुणीच पाहिलं नव्हतं. तरी कुणी गप्प बसलं नाही. उलट अक्काच पोरी बिघडवते असं सुरू झालं. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी दत्तरावांना शिव्या घातल्या तर ती माझ्यावरच चिडली. "तुझ्या शिवीनं पोरगी कॉलेजात जानार हाय का?" रोज संध्याकाळी ती रेश्माच्या बापापाशी जाऊन बसायची. समजावत राहिली, तो ऐकेपर्यंत. रेश्मा आज नर्स आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, अक्काच्या आठवणीसाठी सगळे विहारात जमले तेव्हा, पहिले बोलायला उठले ते दत्तराव. अक्काची वाणी मधासारखी, म्हणाले... डोळेही पुसले. तेव्हा माझ्या तोंडात काय काय आलं ते इथं लिहिता येणार नाही.

अक्काची एक सवय होती. कठोर बोलायचं तर चारचौघांत नाही. माणूस एकटा गाठायचा, शेजारी बसायचं, मग बोलायचं. दुसऱ्या दिवशी मी दत्तरावांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईस्तोवर थांबलो. मग त्यांच्या बाकावर, त्यांच्याशेजारी बसलो.

"दत्तराव, रेश्माबद्दल तुमी खोटं बोलले."

ते तराजू पुसत राहिले. मग तो खाली ठेवून म्हणाले, "व्हय."

"मला नगा सांगू. तिच्या बापाला सांगा."

आणि ते चप्पल घालून निघेपर्यंत मी बाकावरून हललो नाही.