सासूबाईंची गुलाबी नखं

बारामतीच्या बाजारात नखं रंगवायच्या जेलचा तो उग्र वास आला, की मला हमखास करपलेली भाकरी आठवते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी जेलची बाटली आणि ते सुकवायचा छोटा दिवा ऑनलाइन मागवला आणि हळदीकुंकवाला निघायच्या आधी हौसेनं सासूबाईंची नखं गुलाबी केली. जन्मभर डाळिंबाच्या बागेत राबलेली ती बोटं. जेल नखाच्या कडेनं कातडीवर पसरलं, तरी मी तसंच सुकवलं. दोन दिवसांत बोटं लाल झाली, फोड आले, खाज थांबेना. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळा दोष स्वतःकडं घेतला. "माझ्याच फवारणीचं औषध लागलं हिला," म्हणत ते चुलीपुढं बसले आणि चार दिवस जाडजूड, करपलेल्या भाकरी थापत राहिले. शेवटी इंदापूरला दवाखान्यात गेलो. आबा बाहेर थांबले. डॉक्टरीणबाई नखं बघताच म्हणाल्या, "फवारणीचं नाही हे, जेलची अ‍ॅलर्जी आहे. पुन्हा लावू नका." मला रडूच कोसळलं. "आबांना खरं सांगून येते," म्हणत मी उठले, तर सासूबाईंनी सुजल्या हातानं माझा पदर धरला. "गप बस. तू मायेनं लावलंस, त्यात काय चुकलं? आन् ह्यांस्नी काय सांगू नगंस. तीस वर्सांत पयल्यांदा आयती भाकरी मिळतीया मला." अजूनही फवारणीच्या दिवशी आबा त्यांना चुलीजवळ फिरकू देत नाहीत, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळतो.