फ्लेक्सवरची शालन

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या फाटकावर दीड वर्ष एक फ्लेक्स होता. त्यावर शालन वानखडे, अंगात केशरी टीशर्ट, गळ्यात पदक, दोन्ही हात वर. आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘आमची शान, शालन’. ती ओळ माझी. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो आणि जिल्हा परिषदेत तीस वर्षं टिपणं लिहिल्यामुळे असली कामं माझ्याकडेच यायची.

शालन सात घरांत पोळ्या करायची, त्यातलं एक माझं. मूळची वाशिमकडची. तिचा नवरा चेतन आमच्याच फाटकावर वॉचमन. पार्किंगच्या मागे, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या दोन खोल्यांत ते दोघं आणि मुलगी अक्षता अकरा वर्षं राहत होते. पंप सुरू झाला की तिच्या फळीवरची भांडी थरथरायची. शालन सांगायची, “आता पंप बंद असला की झोपमोड होते काका.”

तिचं धावणं सुरू झालं ते योगायोगाने. पाचव्या मजल्यावरच्या नम्रता देवधर ऑफिसला निघाल्या आणि लॅपटॉपची बॅग घरीच विसरल्या. शालन त्यांच्याकडे पोळ्या करत होती. तिने हात पुसले, बॅग उचलली आणि गाडीच्या मागे धावत सुटली. पायात साध्या चपला, पदर खोचलेला. तिसऱ्या सिग्नलला तिने गाडी गाठली आणि काचेवर टकटक केली. नम्रताताई स्वतः धावणाऱ्या; सकाळी टेकडीवर जाणारा एक ग्रुपच त्यांनी जमवला होता. त्यांनी काच खाली घेतली आणि पाहतच राहिल्या. शालनला धाप लागली नव्हती.

“शालन, तू धावतेस?”

“नाही जी. बॅग राहिली व्हती.”

दर डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याशी घाटवाट महोत्सव भरतो. दोन दिवस तिथे जत्राच असते: मांडव, बूट विकणारे, मालिश करणारे, देशभरातून आलेली माणसं. डांबरी रस्त्यावरची शर्यत नाही ही. गडावरून, डोंगरसोंडेवरून, कड्याच्या काठाने पळायचं. अकरा, पंचवीस, पन्नास आणि शंभर किलोमीटर, ज्याची जशी ताकद. नम्रताताईंनी शालनचं नाव पंचवीसमध्ये घातलं. बूटही त्यांनीच आणले. शालन बायकांत तिसरी आली.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना ती मला सांगत होती. “काका, वरती एकदम सपाटी लागते. कोनी नसते तिथं. मागं नाही, पुढं नाही. मले वाटलं, असंच जात राहावं.” बोलता बोलता तिची पोळी करपली. तिची पोळी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या वर्षी पन्नास किलोमीटरमध्ये ती बायकांत पहिली आली. फ्लेक्स लागला तो तेव्हा. वर्तमानपत्रात फोटो आला, सव्वीस जानेवारीला सत्कार झाला, नम्रताताईंच्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की त्याला शालनला भेटवायला आणायचे. दर रविवारी सकाळी डोंगरात सराव. शालन पूर्वी रविवारी सकाळी वारज्याच्या बुद्धविहारात वंदनेला जायची, मग तिथल्या बायकांबरोबर तासभर बसायची. आठवड्यात तिचा स्वतःचा असा तेवढाच वेळ. तो गेला. तिने तक्रार केली नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

मग मे महिन्यात सोसायटीची सभा झाली. दुसऱ्या मजल्यावरचे केदार साठ्ये यांनी विषय मांडला, की वॉचमन काढून सिक्युरिटी एजन्सी नेमावी, म्हणजे मागच्या दोन खोल्याही रिकाम्या होतील, तिथे दुचाक्या लावता येतील. बरीच डोकी हलली. तेव्हा नम्रताताई उठून म्हणाल्या, “आपल्या सोसायटीत एक चॅम्पियन राहते. लोक आपल्याला तिच्यामुळे ओळखतात. तिला आपण घराबाहेर काढणार?”

साठ्ये म्हणाले, “पदकं काय फाटक राखणार आहेत?” पण लोक हसले नाहीत. मीही उठलो आणि म्हणालो, शालन इथे राहते हे आपल्या सोसायटीला भूषण आहे. ठराव पडला. माझं ते वाक्य मी इतिवृत्तातसुद्धा लिहिलं, सुवाच्य अक्षरात. चेतन फाटकाजवळ खुर्ची टाकून सगळं ऐकत होता. घरी जाऊन त्याने बायकोला शब्दन्‌शब्द सांगितलं.

आम्हाला वाटलं, चांगलं काम केलं. शालनला त्या दिवशी वेगळंच समजलं. ती धावते आहे तोवर खोल्या आहेत. असं कोणी म्हटलं नव्हतं, पण म्हणायची गरजही नव्हती.

त्या पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. जिना उतरताना कळ यायची. नम्रताताईंनी तिला एका फिजिओकडे नेलं. त्याने पट्टा दिला, व्यायाम दिले आणि सांगितलं, रेसपर्यंत निभेल, पुढचं पुढे बघू. शालन ओट्याशी उभी असताना सगळं वजन डाव्या पायावर टाकायची. उजवा पाय नुसता टेकवलेला. मी ते रोज पाहत होतो. एकदा म्हणालो, “स्टूल देऊ का?” ती म्हणाली, “बसून पोळ्या होत नाहीत काका.” तिथेच तो विषय संपला.

चेतनशी ती बोलली होती. तो म्हणाला, “एवढी बारी पळ. अक्षताची बारावी होऊ दे. मंग सांगू.” अक्षता घरातली सगळ्यात हुशार, परीक्षेच्या तोंडावर घर हलवणं म्हणजे तिचं वर्ष गेलं असतं. आईने आणि बापाने मिळून हिशोब केला आणि तो गुडघ्यावर टाकला.

डिसेंबरातल्या महोत्सवात रविवारी पहाटे पाचला शर्यत सुटली. गड चढून जाईपर्यंत शालन बायकांत दुसरी होती. चढाला गुडघा साथ देत होता. कल्याण दरवाजाने उतरून डोंगरसोंडेला लागली तेव्हा उजाडलं. आणि सोंडेवरून पहिली मोठी घसरण उतरताना गुडघ्यात काहीतरी अडकलं. पाय सरळ होईना, वाकेना. ती एका दगडाला टेकून बसली. वाट जेमतेम दोन हात रुंद, दोन्ही बाजूंना खोल उतार आणि वाळलेलं गवत. मागे जायला तेवढंच अंतर, पुढे जायला तेवढंच.

मागून धावणारे यायला लागले. फ्लेक्सवरचा फोटो महोत्सवाच्या जाहिरातीतही होता, त्यामुळे सगळे तिला ओळखत होते.

“अरे, शालन! कम ऑन शालन!”

“थकलीस? एनर्जी जेल देऊ? हे घे, दोन मिनिटांत उठशील.”

“पाय अडकला दादा. नाही जमत.”

“असं म्हणायचं नाही! तूच असं म्हणालीस तर आमचं काय?”

एकाने मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घेतला. ‘चॅम्पियन विश्रांती घेतेय, आता बघा कशी सुटते’ असं काहीतरी बोलत तो पुढे गेला. एका मुलीने हात धरून तिला उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि ती उभी राहिली म्हणून खूश होऊन पळाली. मुलगी दिसेनाशी झाल्यावर शालन पुन्हा बसली.

“वीस-पंचवीस जण गेले काका,” तिने नंतर मला सांगितलं. “सगळे चांगलेच बोलले. एकानंही ‘नको जाऊ’ नाही म्हटलं. मले वाटे, ओरडावं. पन काय ओरडू? कोनी मारत तर नव्हतं.”

शेवटी ती बसल्या बसल्याच खाली सरकत निघाली. हाताने दगड धरायचा, डावा पाय रोवायचा, उजवा ओढायचा. खालच्या वाडीतलं पाण्याचं ठाणं एरवी वीस मिनिटांवर. तिला दीड तास लागला. पँट मागून फाटली, तळहात सोलवटले.

ठाण्यावर महोत्सवाची कार्यकर्ती कल्याणी होती आणि वाडीतले गेनबा, पाण्याचे पिंप सांभाळायला. गेनबांनी तिला पाहिलं आणि गोणपाट अंथरलं. “बसा बाय. हितं कुनाला घाई न्हाय.”

कल्याणी घड्याळ बघून म्हणाली, “ताई, अजून कटऑफला अडीच तास आहेत. चालत गेलात तरी पुढचं ठाणं वेळेत गाठाल. तुम्ही सोडलंत तर किती जण डिसअपॉइंट होतील!”

शालनने टीशर्टवरचा नंबर काढायला घेतला. सोलवटलेल्या हातांनी पिन निघेना. गेनबांनी ती काढून दिली. कल्याणीने एक कागद पुढे केला: मी स्वतःहून थांबत आहे. खाली सही.

“यावर अजून कोनाची सही लागते?”

“नाही. फक्त तुमची.”

शालनने सही केली. परत नेणारी गाडी शेवटचा धावणारा गेल्यावरच येणार होती. म्हणून ती तिथेच बसून राहिली. तासाभराने नम्रताताई आल्या. त्याही पन्नासच धावत होत्या, मागून. शालनला गोणपाटावर बघून त्या थबकल्या.

“हे काय? नंबर कुठंय तुझा?”

“दिला ताई. पाय गेला.”

“दाखव. अगं, हे केवढं सुजलंय! मला आधी का नाही सांगितलंस?”

“फिजिओकडं तुमीच नेलं व्हतं.”

“हो, पण तो म्हणाला होता निभेल. तू म्हणायचं होतंस, शालन, की मला धावायचं नाही. मी काय जबरदस्ती केली असती?”

शालनने पँटचा पाय खाली ओढून गुडघा झाकला. मग म्हणाली, “ताई, मी पळली नसती तर सभेत तुमी काय म्हनलं असतं?”

नम्रताताईंनी बाटली भरून घेतली, “आपण घरी बोलू,” म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. पन्नास पुरे करूनच त्या घरी आल्या. पण ते बोलणं कधी झालं नाही. महिन्याभरात त्यांच्याकडे पोळ्यांना दुसरी बाई आली. भांडण नाही, काही नाही; वेळ जमत नव्हती, एवढंच कारण.

शालनच्या गुडघ्यातली गादी फाटली होती. डॉक्टरांनी डोंगर कायमचा बंद केला. मार्चमध्ये, अक्षताची परीक्षा चालू असतानाच, साठ्यांनी तो विषय पुन्हा आणला. नम्रताताई सभेला नव्हत्या. मी उठलो. या वेळी मी पदकाचं नावही काढलं नाही. चेतनने अकरा वर्षांत एक दिवस फाटक सोडलं नाही, एवढं सांगितलं, आणि हे मी मागच्या सभेतच सांगायला हवं होतं, असंही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मतदान केलं. ठराव पास झाला. इतिवृत्त लिहून दिलं आणि मी सचिवपद सोडलं.

जूनपासून एजन्सी आली. वानखडे कुटुंब शिवण्याला गेलं, भाड्याच्या दोन खोल्यांत. चेतन तिथल्याच एका गोडाऊनवर लागला. अक्षताला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फ्लेक्स कोणी उतरवला मला माहीत नाही. एका सकाळी नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

शालन अजून माझ्याकडे येते, बसने. सात घरांची चार झाली. परवा मी धीर करून विचारलं, “राग येतो का गं आमचा?”

तिने परातीत पाण्याचा हात फिरवला, कणीक मळायला घेतली. “भीती व्हती काका, घर जाईल म्हणून. आता गेलं. आता ती भीती नाही राहिली.” मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पयल्या वर्षी मात्र मले लय आवडलं व्हतं पळायला.”

रविवारी ती येत नाही. त्या दिवशी ती विहारात जाते. शिवण्याहून वारज्यापर्यंत, लंगडत, पण चालत.