स्वच्छ पायांची मुलं

शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला तेव्हा मी बाहेर उभी होते आणि पेंटर नव्या वर्षाचं वेळापत्रक फळ्यावर रंगवत होता. मे महिन्याची सुट्टी, शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरीच्या तक्त्यात मधल्या सुट्टीचे दोन रकाने होते, तेवढेच पिवळ्या रंगानं भर, असं मी त्याला बजावलं होतं. फोन गिरिजाअक्कांच्या धाकट्या भावाचा होता. "मॅडम, अक्का गेली," तो म्हणाला. "सकाळी दारात रांगोळी घातली, आत येऊन खुर्चीत बसली, कॉफी मागितली. बायको कॉफी घेऊन गेली तर..." मी काय बोलले ते आता आठवत नाही. फोन ठेवून बाहेर आले तर पेंटर विचारत होता, पिवळा गडद हवा की फिकट? मी म्हटलं, कुठलाही चालेल. तो फळा मी अक्कांना दाखवणार होते. शाळा उघडायला अजून अकरा दिवस होते.

अक्का आमच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. के. आर. पुरमच्या पलीकडची आमची छोटी शाळा, मुलं कानडी, तमिळ, तेलुगू घरांतली. शिक्षकांत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, तर त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन इथलंच झालेलं. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या होत्या. मी हेडमिस्ट्रेस होते म्हणून चारचौघांत मला मॅडम म्हणायच्या आणि एकटी सापडले की सरळ सुधा. "तुझं मराठी इस्त्रीचं आहे ग," असं चिडवायच्या. "आमचं घरात धुतलेलं. स्वल्प चुरगळतं, पण अंगाला बरं." मला कानडी त्यांनीच शिकवलं आणि बंगळूर आवडायलाही त्यांनीच लावलं. नव्या गावात आपलं माणूस मिळावं लागतं, ते मला त्यांच्या रूपानं मिळालं.

शाळेमागे होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली तांबड्या मातीचं मैदान होतं आणि कोपऱ्यात एक नळ. पहिली-दुसरीच्या मुलांनी बूट-मोजे वर्गाबाहेर काढून अनवाणी खेळायचं, हा अक्कांचा नियम. सुट्टी संपली की सगळ्यांनी नळापाशी रांग लावायची. अक्का लाकडी स्टुलावर बसून प्लॅस्टिकच्या मगानं एकेकाच्या पायांवर पाणी ओतायच्या. "पाय दाखव!" मी नवीन असताना मला वाटलं, स्वच्छतेची तपासणी चालली आहे. मग नीट बघितलं तर सगळं उलटं. ज्याचे पाय लाल चिखलानं माखलेले, त्याला पाठीत हलका धपाटा घालून पुढं पिटाळायच्या आणि ज्याचे पाय स्वच्छ, त्याला बाजूला उभं करायच्या. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "खेळलेलं पोर बरं असतं. जे खेळलं नाही, त्याचं काहीतरी बिनसलंय. विचारायला नको?"

दुसरीतली एक मुलगी सलग चार दिवस बाजूला उभी राहिली. ताप नाही, पोटात दुखत नाही, कोणाशी भांडण नाही. पाचव्या दिवशी अक्कांनी तिला मांडीवर घेतलं आणि काही न विचारता नुसते तिचे कोरडे पाय धूत बसल्या. तेव्हा ती बोलली. आई भांडून आजोळी निघून गेली होती. ती परत आली तर शाळेच्या फाटकाशी येईल आणि मैदानात खेळत राहिलं तर दिसणार नाही, म्हणून ही फाटकाजवळच्या पायरीवर बसून राहायची. अक्कांनी तिला कडेवर घेतलं, तिच्या चार मैत्रिणींना हाक मारली आणि कुंटेबिल्लेचे चौकोन, म्हणजे लंगडी घालत खेळायच्या टिक्करचे, मैदानातून उचलून थेट फाटकासमोर आखले. पोरगी एक डोळा फाटकावर ठेवून उड्या मारू लागली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते आणि त्या दिवशी माझ्या हातून एकही कागद पुढं सरकला नाही.

एवढं सगळं बघूनही पुढं जे केलं ते मीच केलं. त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायचा नाही, असं हा लेख लिहायला बसताना ठरवलं आहे.

आमच्या भागात नवी घरं उठू लागली, नवे पालक आले. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. पालकसभेत एकजण उठून म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे मुलं दिवसातला पाऊण तास मातीत घालवतात. शेजारच्या शाळेत त्या वेळात कॉम्प्युटर शिकवतात." टाळ्या पडल्या. मुलं दुसऱ्या शाळेत जातील ही भीती मला होतीच आणि खरं सांगायचं तर आपली शाळा मागं पडल्यासारखी दिसते याची लाजही वाटू लागली होती. संस्थेनं अर्ध्या मैदानावर कॉम्प्युटरची खोली बांधली. सकाळची अर्ध्या तासाची सुट्टी मी दहा मिनिटांची केली, डबा बाकावरच खायचा. दुपारची पंधरा मिनिटं काढून टाकली. उरलेल्या मैदानाच्या दाराला कुलूप. मुलं आता कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर बूट काढायची, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही.

अक्का त्या दिवशी ऑफिसात आल्या, दार लावलं. "सहा वर्षांची आहेत ग ती. त्यांना बसायला लावतेस ती शिक्षा आहे, माहितेय ना तुला?" मी म्हटलं, "अक्का, काळ बदललाय." त्या म्हणाल्या, "काळ बदलला असेल. पायसुद्धा बदलले काय?" मला ते पटत होतं, म्हणून मी चिडले. माणूस चिडतो ते बहुधा अशाच वेळी.

महिन्याभरानं त्यांनी गणिताच्या तासाला शिपायाकडून चावी मागून घेऊन दुसरीच्या मुलांना मैदानात नेलं. सात सात दगड मोजून लगोरी रचायची, हेच गणित. एका पालकानं रस्त्यावरून पाहिलं, तक्रार केली आणि मी अक्कांना लेखी मेमो दिला. माझ्याहून मोठ्या, माझ्या पहिल्या बाळंतपणात मला मेथीचे लाडू करून घालणाऱ्या बाईला मी मेमो दिला... त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. "'अनधिकृत खेळ' असं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "खेळ कधी अनधिकृत असतो का ग?" मग "सरी", म्हणजे बरं, असं कानडीत म्हणाल्या आणि सही केली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. घरी येणं-जाणं, सणाला ताट पाठवणं, सगळं चालू राहिलं. फक्त सुधा म्हणायचं थांबलं. एकटी असले तरी मॅडम.

अशी दोन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात दुसरीतली तीन मुलं लागोपाठ पडली. जिन्यावर, व्हरांड्यात, अगदी सपाट फरशीवर. कोणाचा दात तुटला, कोणाच्या हनुवटीला टाके पडले. तिसऱ्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेताना अक्का माझ्या शेजारी होत्या. पोराच्या हनुवटीला रुमाल दाबून हळूच म्हणाल्या, "यांना पडताच येत नाही, मॅडम. हात पुढं टाकत नाहीत. पडायचं शिकायला आधी पळायला लागतं." टोमणा नव्हता त्यात. त्या पोरासाठी त्यांचा जीव तुटत होता. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मार्चमध्ये मी संस्थेशी भांडले, पालकांची सभा घेतली, दोन पालकांनी मुलं काढून नेली ती नेऊ दिली, आणि दोन्ही सुट्ट्या परत मिळवल्या. तोवर अक्का निवृत्त झाल्या होत्या. मी ठरवलं, त्यांना आत्ता काही सांगायचं नाही. शाळा उघडण्याच्या दिवशी त्यांना बोलवायचं, तो पिवळा फळा दाखवायचा आणि सुट्टीची पहिली घंटा त्यांच्या हातून वाजवायची. केवढी हौस होती मला त्या बेताची!

त्या गेल्या त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी कोडबळी, म्हणजे इकडची कडबोळी, तळली होती. मी तिसरं उचलल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, "जूनचं टाइमटेबल झालं का, मॅडम?" सगळं ओठांवर आलं होतं. पण बेत फुटेल म्हणून मी मान खाली घालून म्हटलं, "झालं. तेच आहे, मागच्या वर्षीचं." "सरी," म्हणाल्या, आणि कॉफीचे रिकामे पेले उचलून आत गेल्या. माझं त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते. मी खोटं बोलले आणि त्यांनी ते खरं मानलं.

निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांना आंघोळ घालून बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. मी पायांवर डोकं ठेवायला वाकले आणि तशीच थांबले. अक्कांच्या टाचांच्या भेगांत बारा महिने तांबडी माती असायची, कितीही घासली तरी न निघणारी. त्या भेगा पांढऱ्या स्वच्छ होत्या. आंघोळीनं एका दिवसात होत नाहीत तशा. दोन वर्षं त्यांचे पाय असे स्वच्छ होते आणि दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले. त्यांच्या भावजयीला वाटलं, किती जीव होता हिचा.

शाळा उघडली. साडेदहाला शिपायानं घंटा दिली आणि पहिली-दुसरीची मुलं डबे उघडून बाकांवर बसून राहिली. मीच त्यांना बाहेर नेलं. बूट काढा म्हटलं तर विचारू लागली, "कॉम्प्युटर आहे का, मिस?" मैदानात येऊन सगळी भिंतीलगत ओळीनं उभी राहिली. दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "मिस, इथं काय करायचं?" तिला खरंच माहीत नव्हतं. मी चपला काढल्या, पदर खोचला, होंगेखालचे कौलांचे तुकडे गोळा करून लगोरी रचली. पहिले दोन नेम चुकले. तिसरा लागला तेव्हा कोणीतरी हसलं, मग एकजण पळाला, मग चारजण. वीसेक मिनिटांनी इतका गलका उठला की वरच्या वर्गातून शिक्षिका बघायला आल्या.

सुट्टी संपल्यावर मी स्टूल नळापाशी ओढलं आणि प्लॅस्टिकचा मग हातात घेतला. "पाय दाखवा!" बहुतेक पाय लाल होते. पाच मुलांचे स्वच्छ निघाले. त्यांना बाजूला उभं केलं आणि एकेकाला जवळ घेऊन विचारलं. ती वर्गात गेल्यावर उठले तेव्हा माझ्या स्वतःच्या पायांकडे लक्ष गेलं. घोट्यापर्यंत तांबडे. मगात थोडं पाणी उरलं होतं, ते मी होंगेच्या बुंध्याशी ओतलं आणि स्टुलाकडे तोंड करून म्हटलं:

वेळापत्रक तेच नाही, अक्का. दोन सुट्ट्या आहेत.