कालपेक्षा आज गार

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या घरी चहा गाळत होते. भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, आई गेली. झोपेतच गेली." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेला चहा गाळून घेतला. माणसाचे हात असे मूर्खासारखे आपलं काम पुरं करत राहतात... चिखलीला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच सांगत होता. फार गरीब बाई. गाय होती गाय. उभ्या जन्मात कोणाला उलटून बोलली नाही. मागच्या गल्लीतली एक म्हातारी तर कौतुकानं म्हणाली, "एवढे वर्सं शेजारी राह्यलो, पन तिचा आवाज मले माहीत नाई." मला तिथेच संताप आला. जिला बोलायचंच नसतं तिची अशी स्तुती ठीक आहे. प्रमिलावहिनीला बोलायचं होतं. आज महिना उलटून गेला तरी तो संताप उतरला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ती आमच्या घरी आली तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झालेला होता आणि मी नववीत होते. वहिनीचं माहेर खामगावचं. मॅट्रिकला बसली, बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि इंग्रजीत गेली. निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. आमच्याकडे भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून घरात गडबड असायची. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शब्द घरात शेवटचा. त्यांनी मला शाळेत घातलं होतं, कारण मी लेक होते. सुनेनं मात्र मागच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मळ्यातसुद्धा सासू बरोबर असली तरच जायचं. लेकीला एक माप आणि सुनेला दुसरं, यात आबांना काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटत नव्हतं. स्वयंपाकघराला एक लहानशी खिडकी होती, तिच्यातून गोठ्याचं छप्पर आणि त्यावरचं हातभर आभाळ दिसायचं. वहिनीच्या वाट्याला आलेलं आभाळ तेवढंच.

तिच्या मनात काय होतं ते तिनं मला पहिल्याच दिवाळीत सांगितलं. मी तिच्याहून लहान, पण नणंद म्हणून ती मला 'बाई'च म्हणायची. "बाई, मले इंग्रजी शिकवा. ऑक्टोबरात बुलढाण्याले एकट्या इंग्रजीले बसता येते. पास झाली का मॅट्रिक झाली. मंग ट्रेनिंगले नंबर लागते. मास्तरीण होता येते." गावोगाव शाळा निघत होत्या तेव्हा, शिकवणाऱ्या बायका मिळत नव्हत्या. तिच्या वर्गातली एक मैत्रीण ट्रेनिंगला गेली होती आणि तिथे हॉस्टेलात राहत होती. वहिनी 'हॉस्टेल' हा शब्द असा उच्चारायची, जसं कोणी देवस्थानाचं नाव घ्यावं.

मग चुलीपुढे आमची शाळा सुरू झाली. मी काय शिकवणार डोंबल! शाळेत आदल्या दिवशी जे घोकलं असेल ते मी दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ओकायची. त्या हिवाळ्यात आम्हाला तुलना शिकवत होते. कोल्ड, कोल्डर, कोल्डेस्ट. वहिनीला हे फार लवकर जमलं. जमणारच. आमच्या घरात तुलनेचा काय दुष्काळ होता? आई उठल्यापासून तेच करायची. शेजारणीची सून हिच्यापेक्षा उजळ, मावशीची सून हिच्यापेक्षा चलाख, खुद्द आई सून असताना हिच्यापेक्षा दुप्पट कामाची. आई पाठमोरी झाली की वहिनी हळूच म्हणायची, "स्लोअर, डार्कर, लेझीअर," आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसायचो.

पुस्तकात पुढचा धडा संभाषणाचा होता. दोन साहेब रस्त्यात भेटतात आणि एकमेकांना सांगतात की आज कालपेक्षा जास्त गार आहे. वहिनीला ते पटेना. "थंडी पडली त पडली. दोघाईलेही वाजूनच राह्यली ना? मंग सांगते काऊन?" मी शाळेत विचारून आले. आमचे सर म्हणाले, साहेब लोकांत ओळख नसलेल्या माणसाशी एकदम कामाचं बोलत नाहीत. आधी हवेचं बोलतात. त्यात कोणाचं पोट दुखत नाही. बोलता बोलता ओळख होते, मग कामाचं बोलता येतं. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. "म्हणजे ज्याच्यासंग बोलता येत नाई, त्याच्यासंग बोलाची ही रीत हाये?" मी म्हटलं, असेल. पुढे जे घडलं त्याचं मूळ या एका समजुतीत आहे.

आमच्याकडे सून सासऱ्याशी, म्हणजे मामाजींशी, बोलत नसे. अगदीच अडलं तर भिंतीला, नाहीतर जनावराला सांगायचं आणि शेवटी 'म्हना' जोडायचं. सासऱ्यानंही तसंच उत्तर द्यायचं. आबा दुपारी गोठ्यात बसायचे, तांबडी गाय खाजवत. वहिनी मागच्या दारात उभी राहून तांबडीला सांगायची, "जेवन झालं म्हना." आबा तांबडीला म्हणायचे, "येऊन राह्यलो म्हना." दोघांच्या मधे ती बिचारी गाय रवंथ करत असायची. त्या थंडीत वहिनीनं जेवणाच्या निरोपापलीकडे पहिल्यांदा पाऊल टाकलं. "तांबडे, कालच्यापरीस आज गार हाये म्हना." आबांनी चमकून वर पाहिलं. सुनेनं विनाकारण बोलायची पद्धत नव्हती. पण वांग्यांवर थंडी उतरते आहे ही गोष्ट त्यांच्या जिव्हाळ्याची. जरा वेळानं ते गाईला म्हणाले, "उद्या अजून पडन म्हना."

वहिनी आत आली ती लग्नात मिरवावी तशी. मग रोज एक वाक्य. आज धुकं आहे म्हना. आज वारं कमी आहे म्हना. आबाही उत्तर द्यायला लागले, एकदोनदा तर त्यांनीच आधी गाईला विचारलं. एक दिवस वहिनीनं धीर करून सरळ इंग्रजीत सांगितलं, "टुडे इज कोल्डर दॅन यस्टर्डे." आबा गाईला म्हणाले, "काय वं तांबडे, तुले आता साहेबीन करून राह्यली काय?" आणि हसले. माझे वडील हसताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहेत. त्या दिवशी वहिनी मला म्हणाली, "बाई, झाली ओळख." दादाला, म्हणजे माझ्या भावाला, तिनं परीक्षेचं आधीच सांगून पाहिलं होतं. तो "पाहू" म्हणाला होता. आमच्या दादाचं 'पाहू' म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. आईनं तर ऐकूनच घेतलं नव्हतं. उरले आबा.

थंडी सरत आली होती. मी मागच्या दाराशी मेथी निवडत बसले होते. वहिनी उंबऱ्यात आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "तांबडे, आज कालच्यापरीस ऊन हाये म्हना." आबा म्हणाले, "हाव म्हना." मग तिनं श्वास घेतला. "तांबडे, मामाजीले म्हना, ऑक्टोबरात बुलढाण्याले इंग्रजीची परीक्षा हाये. बसू काय म्हना." गाईच्या पाठीवर फिरणारा आबांचा हात थांबला. मी मेथीची काडी हातात धरून बसले. आबा रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला निदान काही म्हणता येतं. ते उठले, धोतर झटकलं आणि तांबडीला म्हणाले, "आभाळ आलं वाटते. उद्या वारं सुटन म्हना." एवढं बोलून मळ्याकडे निघून गेले. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

वहिनी आत येऊन चुलीपुढे बसली. चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "टुमारो विल बी विंडियर दॅन टुडे. बरोबर हाये का, बाई?" मी म्हटलं, बरोबर आहे. तिनं तवा चढवला.

त्यानंतर परीक्षेचं नाव त्या घरात निघालं नाही. मुलं झाली, आई गेली, तांबडीही गेली. मी मात्र बुलढाण्याला कॉलेजात गेले आणि इंग्रजीचीच शिक्षिका झाले. सुटीत घरी आले की वहिनी भाकरी थापता थापता विचारायची, "हाउ इज द वेदर देअर?" बुलढाणा घाटावरचं, चिखलीपेक्षा गार. मी सांगायची, "कूलर." ती विचारायची, "बेटर?" मी म्हणायची, "बेटर." ती मान डोलवायची आणि भाकरी उलटायची. मला कळायचं ती काय विचारते आहे, आणि तरी मी कूलर-बेटर करत बसायची. दुसरं काय बोलणार होते?

आबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं वहिनीनंच केलं. आता मधे गाय नव्हती. ते सरळ तिला विचारायचे, "बाहेर कसं हाये वं?" ती सांगायची. रोज. मला एकदा म्हणाली, "मले वाटते, हवेचं बोलून झालं का एखाद्या दिवशी ते पुढचं बोलतीन." आबा गेले, पुढचं काही बोलले नाहीत.

त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी तिला म्हटलं, आता कोण अडवतंय? मी शिकवते, मी घेऊन जाते, बस परीक्षेला. मला वाटलं ती आनंदेल. ती हातातली परात पुसत राहिली. "नाई बाई. पास झाली त मले समजीन का तेव्हाही झालीच असती. नापास झाली त समजीन का मामाजीचंच बरोबर होतं. मले दोन्हीही समजून घ्याचं नाई."

आता वहिनीचं तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी स्वयंपाकघरात डबे आवरत होते. दादा उंबऱ्यावर येऊन बसला. या खोलीत तो आयुष्यभर ताटापुरता आला. आता ऐंशी ओलांडली, गुडघे धरून बसला.

"तुम्ही दोघी इथं इंग्रजीत बोलत होत्या," तो म्हणाला, "मले ऐकू ये. समजे नाई."

"हो."

"काय बोले ती? माह्याबद्दल?"

"हवेबद्दल, दादा."

त्याला पटलं नाही. "एवढे वर्सं? नुसती हवा? मले वाटे, माह्या नावानं बोटं मोडते. मी इचारलं नाई कधी. म्हटलं मोडू दे, तिचा हक्क हाये..." तो थांबला, मग लहान मुलासारखं पुन्हा विचारलं, "एकदाही नाई? शिवीगिवी?"

खोटं बोलावंसं वाटलं. चार शिव्या दिल्या होत्या रे, असं सांगितलं असतं तर तो सुखानं उठून गेला असता. पण मला माझ्या वहिनीच्या तोंडी नसलेलं काही घालायचं नव्हतं.

"नाही दादा. तुझं नाव त्यात कधी आलंच नाही."

माझे डबे लावून झाले, मी दिवा लावला, तरी तो तिथेच बसून होता. परवा भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, बाबा हल्ली दिवसभर स्वयंपाकघरातच बसतात, कोणाशी बोलत नाहीत.