मोहरीचा बोळ

कळंबला चिंतामणीच्या देवळाबाहेर विमलताई गावंडे हार-दुर्वा विकायला बसतात. दुर्वांची जुडी बांधून होईस्तोवर गिऱ्हाईक कुठल्या गावचं आणि नवस कशाचा, हे सगळं त्यांनी काढून घेतलेलं असतं. तशाच एका चतुर्थीला यवतमाळहून आलेल्या दोन पोरींनी हार घेता घेता त्यांनाच विचारलं, "मावशी, तो हडळीचा बोळ कुठं आहे?"

विमलताईंनी माहीत नाही म्हणून सांगितलं. माहीत नसायला काय झालं? त्याच बोळात त्यांनी लेक दिली होती. कांता तिचं नाव. पहिल्याच बाळंतपणात ती गेली आणि तिची तान्ही पोर, वैष्णवी, आजीच्या पदराखाली वाढली. आता ती कॉलेजात जाते.

जाते म्हणजे, जात होती. अश्वजित नावाचा गावातलाच एक मुलगा इतिहासात एम.ए. होऊन घरी बसला होता. त्यानं शनिवारी दिवेलागणीला जुन्या वस्तीतून 'भुतांची फेरी' सुरू केली. कुणीतरी त्या फेरीचा व्हिडिओ टाकला आणि तो फिरत फिरत वैष्णवीच्या वर्गात पोचला. त्या दिवशी घरी येऊन ती कणीक मळत बसली आणि मळता मळताच म्हणाली, "आजी, माही माय हडळ होऊन मले खाले आलती काय?"

"कोन म्हन्ते?"

"सगळेच म्हन्तेत. तू तं कधी काई सांगतलंच नाई."

विमलताई तेव्हाही काही बोलल्या नाहीत. पोरगी कॉलेजात जाईना, मग अंधार पडला की अंगणातही जाईना. स्वतःच्या आईला भिणारं लेकरू डोळ्यांसमोर पाहणं काय असतं, ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. शनिवारी विमलताईंनी दुकान लवकर आवरलं, टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि फेरीच्या लोकांत जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे वा, मावशी, आज तुमी बी?" अश्वजित हसला. हारवाल्या मावशी म्हणून तो त्यांना ओळखत होता. कांता गेली तेव्हा तो शाळेतही जात नसेल. "घाबरसान, हं."

"मले आता कोन भेव दाखवते, बापा."

वडाखालचा मुंजा झाला, विहिरीतली सवत झाली. नागपूरकडचा एक नवरा बायकोच्या मानेवर मागून फुंकर घालत होता आणि ती त्याला पर्सनं बडवत होती. मग सगळे बोळात वळले. कांताच्या सासरचं घर आता खताचं गोदाम झालंय; सासरची माणसं केव्हाच गाव सोडून गेली. अश्वजितनं खिशातून पुडी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट मोहरी ठेवली. विमलताईंच्याही.

"ओली बाळंतीण मेली की तिची हडळ होते," तो आवाज खाली आणून म्हणाला. "म्हणून तिला नेताना मागं मोहरी टाकत जातात. परत यायचं तर तिला दाणा न् दाणा वेचावा लागतो, आणि वेचता वेचता उजाडतं. या घरातली बाई अजून वेचतेय. तिला तिचं लेकरू खायचंय. आता मागं न बघता टाका मोहरी."

लोकांनी खिदळत टाकली. विमलताईंनी मूठ उघडली नाही.

"ते लेकरू माह्या घरी हाय," त्या म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. एक जण "भारी" म्हणाला, दोघांनी मोबाइल वर केले.

"कांता माही पोरगी. रातभर तिचं रक्त जात होतं. सासू म्हने, नासकं रक्त हाय, जाऊ द्या. सकाळी जीप पाहाले निंघाले, तवा तिच्यात काई राह्यलं नव्हतं. मी आली तं तिले तिरडीवर बांधून राह्यलते. मंग मोहरी काढली. मी म्हनलं, नका टाकू, येऊ द्या तिले. कोनी आयकलं नाई."

पर्सवाल्या बाईनं नवऱ्याचा हात झटकला. अश्वजित पुडीचा कागद चुरगाळत उभा होता.

"मावशी, मले मालूम नव्हतं. मी तं भूतबित मानतच नाई. आमच्या घरात कोनीच मानत नाई."

"मंग माहीच पोरगी कायले केली भूत?"

त्यानं चुरगाळलेला कागद खिशात घातला. या बोळात पुन्हा कुणाला आणणार नाही, असं तो म्हणाला. लोक पांगायला लागले. जाता जाता पर्सवाल्या बाईनं हळूच विचारलं, "मग ती कुणालाच दिसत नाही का हो?"

"मी लय दिवस येऊन बसत होती अठी," विमलताई म्हणाल्या. "नाई आली."

त्या घरी पोचल्या, पण मोबाइलवरून ते बोलणं त्यांच्याही आधी पोचलेलं होतं. वैष्णवी दिवा न लावता बसली होती. डोळे सुजलेले. विमलताईंनी चप्पल काढली, पाय धुतले, तिच्याजवळ बसल्या. आता हिची भीती जाईल, असं त्यांना वाटत होतं. ती गेलीही होती.

"आजी, म्हंजे ते रक्त माह्यापायी गेलं."

एवढी वर्षं विमलताई गप्प का राहिल्या होत्या, ते याच एका वाक्यापायी.

"तुह्यापायी नाई वं. त्याईनं उशीर केला."

"मी झालीच नसती तं उशीर कायचा?"

त्यावर त्या पुष्कळ बोलल्या. वैष्णवीनं सगळं ऐकून घेतलं, हूं हूं केलं, आणि सोमवारपासून कॉलेजातही जायला लागली. अश्वजितनं शब्द पाळला. पुढच्या महिन्यात पोरीचा वाढदिवस आला. दरवर्षीसारखी विमलताईंनी शिऱ्यासाठी कढई ठेवली, तूप सोडलं. वैष्णवी आली आणि तिनं गॅस बंद केला.

"माय गेली त्या दिवशी गोड कायले करतं, आजी?" ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ काढायला बसली.