आधी दहा-दहा पोती

११ एप्रिल. दुपारभर गव्हाला एरंडेल तेल चोळत बसले. पूर्वी वर्षाला तीन पोती लागायची, आता एकटीला एक लागतं, तेही उरतं. रिकामं पोतं झटकलं — आणि जे मी कुणालाही सांगितलेलं नाही, नवरा होता तेव्हा त्यालाही नाही, ते आज तुम्हाला सांगून टाकते.

मी वाडीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझी भागाकाराची रीत आमच्या भागात बरीच चालते. शिक्षकांच्या बैठकीत मला फळ्यापाशी बोलावतात, टाळ्या वाजवतात. रीत चांगलीच आहे — पोरांना खरंच भागाकार येतो. फक्त ती माझी नाही.

बारा वर्षांपूर्वी माझ्या चौथीत मीनल होती. बाप गोदामात हमाल. आठवडाभर मी चौऱ्याऐंशी भागिले सहा घोटत होते — भाग लावा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या. कुणाच्या डोक्यात शिरेना. मीनल मात्र मांडणी न करताच उत्तर लिहायची. बरोबर. कसं, म्हणून विचारलं.

"सहा हमाल हायेत ना म्याडम. आधी सगळ्याइले दहा-दहा पोते देऊन टाकाचे. साठ गेले. चोवीस राहिले, मंग चार-चार. झाले चौदा!"

आणखी काय हवं होतं मला? पण मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती जमायला लागली. "मीनल, मले सांग वं." मला कुणी काही विचारेना. मी बाई होते ना त्या वर्गाची?

तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, शेजारणीचं बघून लिहितेस, कॉपी करतेस. चौदावर लाल फुली मारली.

तिची रीत मला कळली नव्हती, असं म्हणता आलं असतं — पण तसं नव्हतं. ऐकताक्षणीच कळली होती. ती बरोबर आहे हे कळूनच मी तिला खोटारडी ठरवलं.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची वही कोरी. उन्हाळ्यात बापाचं काम दुसऱ्या गावी गेलं, तीही गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. सुट्ट्यांनंतर नव्या वर्गाला मी सांगितलं — आधी दहा-दहा वाटून टाका. पोत्यांच्या जागी बोरं घातली. एवढीच माझी भर.

१२ एप्रिल. आज सकाळची शाळा होती. फळ्यावर चौऱ्याऐंशी भागिले सहा लिहिलं. वर लिहिलं — मीनलची रीत.

"मीनल कोन हाये म्याडम?"

याच वर्गात होती, म्हटलं. ही रीत तिची. मी ती माझी म्हणून शिकवली, आणि तिला कॉपी करते म्हणाले — ते खोटं होतं.

 पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मंग तिले मार्क देले का तुमी?"

नाही, म्हटलं. आणि पुढचं गणित घातलं.