नामदेवअप्पांच्या दोन चिठ्ठ्या

भूमजवळच्या वाशीच्या नामदेवअप्पा मिस्त्रींच्या शेडमधून एखादी गाडी तात्पुरती चालती होऊन निघाली, की तिच्या स्टिअरिंगला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी लोंबत असे. चिठ्ठी म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा. एका बाजूला गणपती किंवा वधूवरांची अर्धी नावं, आणि कोऱ्या बाजूला अप्पांच्या तिरप्या अक्षरात पहिला शब्द ठरलेला: हंगामी. त्याखाली काय काढलं, काय बांधलं, गाडी कशी चालवायची. काढलेला भाग तारेनं गुंडाळून त्याच गाडीत ठेवलेला. "हंगामी म्हणून सांगितलं तर ते खोटं न्हाय. लपवलं की खोटं," ते म्हणत.

हा शब्द त्यांनी साखर कारखान्यातून आणला होता. तिथल्या गाड्यांवर त्यांनी एकोणीस वर्षं काम केलं, पण हजेरीपटावर नावापुढं 'हंगामी' तसंच राहिलं. विसाव्या वर्षी गळीत सुरू झालं आणि त्यांना बोलावणंच आलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर हसायचे. "एवढ्या वर्षांत त्येंनी एक शब्द दिला, तेवढा घिऊन आलो."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. वडील मेंढरं राखत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी यंत्रांच्या विषयात मी नापास झालो, तेव्हा कॉलेज सोडायचं ठरवूनच घरी आलो होतो. वडिलांनी मला अप्पांकडे नेलं. अप्पांनी एका जीपचा डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा, उघडून माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "खळ्यावर बैलं फिरताना बघितलीस ना? खांबाजवळचा बैल जागच्या जागी, कडंचा पळतोय. दोघांस्नी आपापल्या चालीनं जाऊ द्यायचं काम हे करतंय. पर एक ध्यानात ठेव. एका बाजूची चाकाकडं जाणारी दांडी तुटली की समदा जोर त्या मोकळ्या बाजूला पळतोय. गाडी जागची हालत न्हाय." त्या विषयात पुढं मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तेव्हापासून ते मला 'इंजिनेर' म्हणू लागले.

पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मला नोकरी लागली. महिनाभरातच साहेबांनी मला लातूरहून एक लाल स्पोर्ट्स कार आणायला पाठवलं. चारही चाकांना जोर देणारी, शर्यतीची गाडी. पाच वाजता गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं. येडशीला सरळ बार्शीकडं जायचं, ते मी उजवीकडं वाशीला वळलो. अशी गाडी माझ्या हातात दिली आहे, हे अप्पांना दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

शेडच्या अलीकडच्या ओढ्यात खालून दगड लागला. कडकन आवाज झाला. इंजिन गुरगुरत राहिलं आणि गाडी हलेना. सकाळचे दहा वाजले होते. लोकांनी ढकलत ती शेडपर्यंत नेली.

अप्पा गाडीखाली गेले आणि बाहेर आले. "पुढची डावी दांडी तुटली. हिचं सामान वाशीत तर न्हायच, बार्शीतबी मिळायचं न्हाय."

"अप्पा, पाचच्या आत पुण्यात न्यायचीय. नाही पोचलो तर नोकरी गेली. आईनं साऱ्या गावात पेढे वाटलेत."

"मग फोन लाव साहेबाला. खरं सांग."

"इकडं का वळलास विचारतील. काय सांगू?"

"मिस्त्रीला तोरा दाखवायला वळलो म्हणावं," ते म्हणाले. पण माझा चेहरा बघून त्यांनी चेष्टा तिथंच सोडली.

मग त्यांनी पुढच्या दोन्ही दांड्या काढायला घेतल्या. गाडी फक्त मागच्या चाकांवर चालवायची. दांड्यांची चाकातली टोकं मात्र त्यांनी तिथंच आवळून ठेवली. "ही काढली तर चाकच बाहेर यील." हात काळे, कपाळावर घाम. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि माझ्या हातातून पाने निसटत होते.

सगळं झाल्यावर मी गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी तिथंच. साडेअकरा झाले होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

अप्पा खिडकीशी वाकले. "इंजिनेर, रडू नको. जोर कुठं पळतोय सांग."

"मोकळ्या बाजूला. पुढं."

"मग ती बाजू बंद कर. हितनं फुडं तुझं कॉलेज. मला ह्या गाडीतलं ठावं न्हाय."

पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधून टाकणारं एक बटण अशा गाड्यांना असतं, हे मी वाचलं होतं. दोन सीटच्या मधे ते सापडलं. दाबलं, हळूच क्लच सोडला, आणि गाडी पुढं सरकली. अप्पा एका बाजूला झाले, जणू एखाद्या जनावराला वाट देत होते.

त्यांनी चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला बांधली. दांड्या डिकीत ठेवल्या. "साहेबाला आधी चिठ्ठी दाखव, मग किल्ली दे. ओल्या रस्त्याला ही गाडी मागनं घसरणार. चालवणाऱ्याला ठावं पायजे." मी हो म्हणालो, त्यांच्या पाया पडलो.

भूम, परांडा गेलं. पुणं जवळ आलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि चिठ्ठी फाडून टाकली. काही निमित्त काढून गाडी रात्रभर ठेवून घेऊ, उद्या गुपचूप नव्या दांड्या बसवू, असं मनाला सांगत होतो. पण गॅरेजच्या दारात गिऱ्हाईक आधीच उभं होतं. पाऊस नुकताच थांबून ऊन पडलं होतं. रस्ता ओला होता. त्या माणसानं किल्ली घेतली, मागच्या सीटवर मुलीला बसवलं. मला ओरडायचं होतं, पण मी गाडीपुढून बाजूला झालो.

ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्यानं काचेवरची झडप खाली ओढली. लग्नपत्रिकेचा तुकडा त्याच्या मांडीवर पडला. त्यानं तो वाचला आणि साहेबांना दिला. साहेबांनी मोठ्यानं वाचलं: 'हंगामी. पुढची चाकं मोकळी. ओल्यात दाबू नये. चूक माझी. नामदेव मिस्त्री, वाशी.'

"हा कोण मिस्त्री? यानं बिघडवली गाडी?"

नुसतं हो म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. "नाही, साहेब," मी म्हणालो. "गाडी मी तिकडं नेली. त्यांनी चालू करून दिली." साहेबांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि उद्यापासून येऊ नकोस, असं सांगितलं.

अप्पांना तोंड दाखवायला मला दोन महिने लागले. त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "एक फाडलीस ना?"

"हो."

"म्हणून तर दोन लिहिल्या. तुला पेढ्यांची लई काळजी पडली होती."

"पण 'चूक माझी' कशाला लिहिलंत, अप्पा?"

"मला कोण कामावरनं काढणार? एकदा काढून झालंय." आणि ते कुणाच्या तरी टेंपोखाली शिरले.

यंदाच्या थंडीत अप्पा गेले. मी आता तंत्रनिकेतनात शिकवतो. नेमणूक हंगामी आहे, आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगतो. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आहे. एका बाजूला अर्धा गणपती आणि हळदीचा डाग. दुसऱ्या बाजूला अप्पांनी घेतलेली माझी चूक. त्यांचं नाव खोडायला माझा हात धजत नाही. मी फक्त त्याच्या वर, 'चूक माझी'च्या पुढं उरलेल्या जागेत, माझं नाव लिहिलं आहे.